ॲप्ट रुसलंय म्हणजे नेमकं काय झालंय

खानापूरला माझ्या भाच्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, पहाणीचा उतारा काढायला आलेली माणसं, मराठीतली लग्नपत्रिका, कन्नडमधला अर्ज, सगळं एकाच टेबलावर, आणि टेबलाखाली एक म्हातारा कॉम्प्युटर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्या मशीनला ११ बसत नाही, नवीन घ्यायचं तर पैसे नाहीत, म्हणून मी बेळगावहून जाऊन त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून आलो. पंधरा दिवस शांत. मग फोन चालू झाले. "मामा, लिनक्स बिघडलंय बघ, काय बी टाकाय गेलं की एरर मारालंय."

दरवेळी बघितलं तर लिनक्स जागेवर होतं. अडवत होता तो पॅकेज मॅनेजर, आणि अडवायला त्याच्याकडं कारण होतं, कारण स्क्रीनवर लिहिलेलं पण होतं, फक्त इंग्लिश दिसलं की आमचा भाचा वाचायचं सोडतो आणि गुगलवरची पहिली कमांड चिकटवतो. तर हे सगळं एकदा नीट सांगतो, म्हणजे तुमच्या घरी असला मामा नसला तरी चालेल.

आधी एक गोष्ट. कमांड मी इथं बोलतो तशा मराठीत लिहिल्यात, त्या टर्मिनल नावाच्या खिडकीत इंग्लिश छोट्या अक्षरात टाइप करायच्या. ॲप्ट म्हणजे ए, पी, टी, तीन अक्षरं, बास. सुडो म्हणजे एस, यू, डी, ओ, त्याचा अर्थ मालकाच्या हक्कानं कर, म्हणून तो पासवर्ड विचारतो.

विंडोजवर आपण काय करतो, साइटवर जातो, सेटअप उतरवतो, नेक्स्ट नेक्स्ट दाबतो, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं गाठोडं घेऊन येतं. लिनक्सवर तसं नसतं. डिस्ट्रो, म्हणजे उबंटू, मिंट अशी लिनक्सची एकेक जात, ती बनवणारी मंडळी हजारो सॉफ्टवेअर तपासून एका कोठारात ठेवतात, त्याला रिपॉझिटरी म्हणतात, आणि त्या कोठारातून सामान आणणं, लावणं, काढणं, जुनं बदलून नवं ठेवणं हे सगळं एकच माणूस बघतो, तो पॅकेज मॅनेजर. डेबियन, उबंटू, मिंट यांच्यात तो ॲप्ट, फेडोरात डीएनएफ, ओपनसुसेत झिपर, आर्चमध्ये पॅकमॅन. नावं वेगळी, काम तेच. मी ॲप्टचंच सांगणार आहे कारण आपल्याकडं बहुतेक जण उबंटू नाहीतर मिंटच टाकतात.

ॲप्टच्या खाली अजून एक जण आहे, डीपीकेजी. डेबियन १९९३ साली चालू झालं आणि डीपीकेजी त्यानंतर लगेचचा, म्हणजे घरातला जुना गडी. त्याला खोकं, म्हणजे पॅकेज, हातात दिलं तर तो उघडून सामान जागेवर मांडतो आणि वहीत लिहितो. पण खोकं कुठून आणायचं हे त्याला कळत नाही, सोबत अजून काय लागतं ते तो सांगतो पण आणून देत नाही. पूर्वी लोक हातानं एक एक खोकं शोधत बसायची. त्या त्रासातून १९९८-९९ च्या सुमाराला ॲप्ट आलं, जे बाजारात जाऊन सगळं गोळा करून डीपीकेजीच्या पुढ्यात ठेवतं. एरर आला की तो बाजारात अडलाय की घरात मांडताना अडलाय, हे ओळखलं की निम्मं काम झालं.

आता डिपेंडन्सी, या शब्दाला लोक उगाच घाबरतात. बेळगावकडच्या लग्नात मांडे लागतात. मांडे करणाऱ्या बाईंना बोलावलं म्हणजे नुसत्या बाई येऊन भागत नाही, ती मोठी पालथी कढई पाहिजे, चूल पाहिजे, हाताखाली एक दोन बायका पाहिजेत. तुम्ही आमंत्रण एकीलाच दिलं, आले पाच. ॲप्ट हेच करतं, तुम्ही एक सॉफ्टवेअर मागता आणि ते म्हणतं याच्याबरोबर ही बारा पॅकेजेस पण येणार, चालेल का. आणि वहीत ते नीट लिहून ठेवतं की ह्यांना मालकानं बोलावलंय आणि हे सोबत आलेत. उद्या मांडेवाल्या बाई गेल्या की कढई कुणाला नको, तेव्हा ॲप्ट स्वतःहून सांगतं की ही पॅकेजेस आता कुणाला लागत नाहीत, ऑटोरिमूव्ह करा. आणि दोन आचाऱ्यांना तीच कढई लागत असेल तर दोन आणत नाही, एकच आणतं आणि दोघांना वापरायला लावतं, त्यामुळं लिनक्सवर जागा कमी लागते. भांडण होतं ते तिथंच, एकाला नवी कढई पाहिजे, दुसऱ्याला जुनीच पाहिजे, आणि चुलीवर जागा एक. त्याला ॲप्ट "अनमेट डिपेंडन्सीज" म्हणतं. त्याच्यावर नंतर येतो.

मांडणीला सुरुवात करताना पहिलं बघायचं ते कोठाराचा पत्ता. ईटीसी फोल्डरमध्ये ॲप्ट नावाचा फोल्डर असतो, त्यात सोर्सेस डॉट लिस्ट नावाची फाइल आणि सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी नावाचा फोल्डर, सगळे पत्ते तिथं असतात. उबंटू २४.०४ पासून मुख्य पत्ते त्या फोल्डरमधल्या उबंटू डॉट सोर्सेस या फाइलमध्ये गेलेत, म्हणून जुन्या लेखात सांगितलेली फाइल उघडली आणि रिकामी दिसली तर दचकू नका. मिंटची गंमत अशी की त्याची कोठारं दोन आहेत, स्वतःचं एक आणि बाकीचं सगळं उबंटूचं. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर उभं आहे, ज्याचं टोपणनाव नोबल, आणि मिंट २१ हे २२.०४ वर, टोपणनाव जॅमी. हे टोपणनाव लक्षात ठेवा, बाहेरच्या साइटवर "जॅमीसाठी" लिहिलेलं सामान नोबलमध्ये आणलं की पुढं रडायची पाळी येते.

मिंटमध्ये सॉफ्टवेअर सोर्सेस म्हणून एक खिडकी आहे, तिथं मिरर बदलता येतो. मिरर म्हणजे त्याच कोठाराची जवळची शाखा, तो स्पीड मोजून दाखवतो, त्यातला इंडियातला चांगला चालणारा निवडा. भाच्याकडं मोबाइल हॉटस्पॉटवर सगळं चालतं, तिथं ह्यानं बराच फरक पडला.

मग दोन कमांड. "सुडो ॲप्ट अपडेट" आणि "सुडो ॲप्ट अपग्रेड". ह्या दोन्हींत जो घोळ होतो तो सांगून सांगून दमलो. अपडेटनं काहीच नवीन होत नाही, ती फक्त कोठारातली यादी आणते, रविवार पेठेतल्या होलसेल दुकानात फोन करून आज काय माल आहे ते विचारल्यासारखं. अपग्रेड खरा माल आणते. यादी जुनी ठेवून माल मागायला गेलं की दुकानदार म्हणणार तो माल संपला, त्यालाच ॲप्ट "४०४ नॉट फाउंड" म्हणतं. म्हणून आधी अपडेट, मग काय ते.

अपडेट चालवताना ओळी येतात, हिट म्हणजे यादी तीच आहे, गेट म्हणजे नवीन आणली, इग्न म्हणजे दुर्लक्ष केलं, चालतंय, एर म्हणजे इथं अडलं. शेवटी डब्ल्यू नाहीतर ई अक्षरानं चालू होणाऱ्या ओळी असतात. डब्ल्यू हा इशारा, ई हा खरा अडथळा. पहिली ई ची ओळ वाचायची, खालच्या बाकीच्या बऱ्याचदा तिचीच पिल्लं असतात.

भाच्याच्या मशीनवर मी पहिलं टाकलं ते फॉन्ट आणि टायपिंग, "सुडो ॲप्ट इन्स्टॉल" आणि पुढं तीन नावं, फॉन्ट्स-लोहित-देवा, फॉन्ट्स-लोहित-केएनडीए, आयबस-एम१७एन. पहिला देवनागरीचा, दुसरा कन्नडचा, तिसऱ्यात मराठी कन्नड दोन्ही कीबोर्ड. एंटर मारल्यावर ॲप्ट एक यादी दाखवतं, कोणती नवीन येणार, कोणती निघणार, किती एमबी उतरणार, डिस्कवर किती जागा जाणार, आणि मग वाय की एन विचारतं. ही यादी वाचायची. विशेषतः "विल बी रिमूव्हड" ही ओळ. का ते शेवटी कळेल.

आता बिघाड. पहिला फोन आला तो सगळ्यात भारी होता. अपडेट मारलं की प्रत्येक कोठारापुढं "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट", म्हणजे ही यादी अजून लागूच झालेली नाही. भाच्यानं तोवर चार मिरर बदलले होते, एक डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलला होता, आणि शेजारच्या पोरानं सांगितलं म्हणून लिनक्स परत टाकायच्या तयारीत होता. मी विचारलं, ब्राउझर चालतोय का. तर म्हणाला अर्ध्या साइट उघडत नाहीत, सर्टिफिकेटचं काय तरी म्हणालंय. मग विचारलं, खाली तारीख किती दिसालीय. गप्प. तारीख दोन वर्षं मागची होती.

झालं होतं असं, मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर२०३२, मेन स्विच बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. जुन्या मशीनमध्ये तो मरतो. मग दुकान उघडून बटण दाबलं की घड्याळ मागच्या जमान्यात. एरवी लिनक्स नेटवरून वेळ बरोबर करून घेतं, पण ह्यानं एकदा हातानं वेळ लावताना ऑटोमॅटिकचं बटण बंद करून ठेवलेलं. आता ॲप्टच्या बाजूनं बघा. कोठारातल्या यादीवर तारीख असते आणि सही असते. समोरच्या यादीवरची तारीख आपल्या घड्याळाच्या पुढची असेल तर कुणीही शहाणा माणूस म्हणेल काय तरी गडबड आहे, उद्याच्या तारखेचा चेक कोण घेतंय. ॲप्टनं बरोबरच केलं, चूक घड्याळाची होती. ऑटोमॅटिक टाइम चालू केला, अपडेट लगेच गेलं, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडनं नवा सेल आणून बसवला. चार मिरर आणि एक डीएनएस बदलून जे झालं नाही ते एका सेलनं झालं.

दुसरा फोन, "कुड नॉट गेट लॉक". हा सगळ्यांना येतो. डीपीकेजीची जी वही आहे तिच्यात एका वेळी एकानंच लिहायचं असतं, म्हणून जो लिहीत असतो तो कुलूप लावतो. बहुतेक वेळा मागं अपडेट मॅनेजर नाहीतर अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाचा आपोआप सुरक्षेचे अपडेट टाकणारा गडी काम करत असतो, आणि ॲप्ट आजकाल त्याचं नाव आणि नंबर पण सांगतं. उपाय काय, चहा पिऊन या. खरंच. नेटवर जिथं तिथं लिहिलंय की लॉकची फाइल डिलीट करा, ते करू नका, कारण फाइल उडवून आत लिहिणारा माणूस थांबत नाही, मग दोघं जण एकाच पानावर लिहितात आणि ती वही सरळ करताना रात्र जाते. दहा पंधरा मिनिटांनी पण तसंच असेल आणि तो नंबरवाला खरंच अडकलेला असेल तर मशीन रिस्टार्ट करा, लॉक आपोआप सुटतं. पण खरंच काही टाकलं जात असताना रिस्टार्ट मारलात तर खालचा प्रकार होतो.

खालचा प्रकार म्हणजे लाइट जाणं. खानापूरचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला जुलैतली लाइट काय असते ते सांगायला नको, आणि भाच्याच्या यूपीएसची बॅटरी म्हणजे नावाला. अपग्रेड अर्ध्यात असताना अंधार. परत चालू केल्यावर ॲप्ट म्हणतं "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड", आणि पुढं काय करायचं ते स्वतःच सांगतं: "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए". म्हणजे खोकी उघडून ठेवलीत पण मांडलेली नाहीत, ती सगळी मांडून घे. ते झालं की "सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल", म्हणजे कुणाचं काय राहिलंय ते आणून दे. ह्या दोन कमांडनी दहातले नऊ अर्धवट अपग्रेड उठून बसतात, माझ्या अनुभवात तरी.

"टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग" आलं तर ॲप्टला काही बोलू नका, नेट नाही. हॉटस्पॉट बघा, रिचार्ज बघा. "नो स्पेस लेफ्ट" आलं तर "डीएफ -एच" करून कुठलं खानं भरलंय ते बघा, "सुडो ॲप्ट क्लीन" नं उतरवून ठेवलेली खोकी जातात, ऑटोरिमूव्हनं कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, जुन्या आवृत्त्या जातात. "हॅश सम मिसमॅच" म्हणजे यादीत लिहिलेला शिक्का आणि हातात आलेल्या फाइलचा शिक्का जुळत नाही, बऱ्याचदा मिररचं काम अर्ध्यात असताना आपण गेलेलो असतो, तासाभरानं परत बघा नाहीतर मिरर बदला. उबंटूवर "केप्ट बॅक" दिसलं तर तो बहुतेक वेळा बिघाड नसतो, काही अपडेट ते एकदम सगळ्यांना न देता टप्प्याटप्प्यानं देतात, तुमचा नंबर आला की येईल, जबरदस्ती करू नका.

"अनएबल टु लोकेट पॅकेज" मध्ये मात्र जरा थांबायला पाहिजे. तीन कारणं. स्पेलिंग चुकलं, अपडेट केलेलं नाही, नाहीतर ती वस्तू त्या कोठारात नाहीच. भाचा "ॲप्ट इन्स्टॉल क्रोम" मारत होता. क्रोम उबंटूच्या कोठारात नाही, क्रोमियम आहे, तो त्याचा खुला भाऊ. मिंटमध्ये क्रोमियम साधं पॅकेज म्हणून येतो, उबंटूवर ॲप्टनं मागितला तरी मागच्या दारानं स्नॅप येतो. स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही वेगळी पद्धत, तिथं प्रत्येक सॉफ्टवेअर आपला डबा घरून घेऊन येतं, जागा जास्त खातं पण कढईचं भांडण नाही. मिंटनं २०२० मध्ये २० व्या आवृत्तीपासून स्नॅप मुद्दाम बंद ठेवलंय, फ्लॅटपॅक चालतं. फ्लॅटपॅकनं आलेल्याचा हिशेब ॲप्टच्या वहीत नसतो, एवढं ध्यानात असू द्या, नाहीतर "टाकलंय पण ॲप्टला सापडेना" म्हणून शोधत बसाल.

खरं क्रोमच पाहिजे असेल तर त्यांच्या साइटवरून डेब फाइल, म्हणजे ॲप्टला चालणारं तयार खोकं, उतरवायची आणि ती डीपीकेजीच्या गळ्यात न मारता ॲप्टला द्यायची: "सुडो ॲप्ट इन्स्टॉल", मग स्पेस देऊन टिंब, तिरकी रेघ आणि लगेच फाइलचं नाव. ते टिंब आणि रेघ विसरलं की ॲप्ट फाइल सोडून कोठारात शोधायला जातं. असं केलं की सोबतचं सामान ते स्वतः आणतं. अशी डेब बऱ्याचदा आपलं स्वतःचं कोठार पण यादीत घालून जाते, पुढचे अपडेट तिथून येतात, क्रोम तसंच करतं.

आणि इथंच अनमेट डिपेंडन्सीजचं मूळ आहे. बाहेरची कोठारं, उबंटूच्या भाषेत पीपीए. प्रत्येक पीपीए म्हणजे लग्नघरात एक बाहेरचा आचारी घेतला. एक दोन चालतात. पाच झाले की कुणी कढई बदलून ठेवतो आणि घरच्या मांडेवालीला काम करता येईना. अशा वेळी "ॲप्ट पॉलिसी" आणि पुढं पॅकेजचं नाव असं मारा, ते कुठल्या कोठारातून कुठली आवृत्ती आली आणि अजून कुठली मिळू शकते ते सगळं दाखवतं. बाहेरची आवृत्ती सापडली की तो पीपीए सॉफ्टवेअर सोर्सेसमधून बंद करायचा आणि मिंटमध्ये त्याच खिडकीत मेंटेनन्सच्या भागात "डाउनग्रेड फॉरेन पॅकेजेस" म्हणून आहे, त्यानं परत घरची आवृत्ती बसते. "नो पबकी" हा एरर पण बहुतेक अशा बाहेरच्या कोठाराचाच, त्याच्या सहीची चावी आपल्याकडं नसते. ते कोठार नको असेल तर बंद करा, पाहिजे असेल तर चावी त्यांच्याच साइटवरून घ्या, आणि ज्या लेखात ॲप्ट-की नावाची कमांड दिसेल तो लेख जुना समजून सोडून द्या, ती पद्धत मोडीत निघालीय.

शेवटचा फोन गेल्या महिन्यातला. "मामा, चालू केलं तर काळं स्क्रीन आणि नुसतं लॉगिन विचारालंय, खिडक्या नाहीत, मेनू नाही, आणि मी कशाला हात बी लावलो नाही." हात लावला नाही म्हणतो तिथंच मला वास आला. २०२१ मध्ये एका मोठ्या टेक यूट्यूबरनं लिनक्सवर स्टीम, म्हणजे गेमचं दुकान, टाकताना असंच केलं होतं, ॲप्टनं स्पष्ट बजावलं होतं की ह्यानं अत्यावश्यक पॅकेजेस निघून जाणार, खात्री असेल तर पूर्ण वाक्य टाइप करा, त्यानं ते टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. भाच्यानं तो व्हिडिओ बघितलेला नव्हता.

खानापूरला गेलो. काळं स्क्रीन असलं तरी लॉगिन होतं, आत गेलो आणि ॲप्टची डायरी उघडली. ती व्हार फोल्डरमध्ये, लॉगमध्ये, ॲप्टमध्ये, हिस्टरी डॉट लॉग नावानं असते, "लेस" लावून वाचायची. कधी, कुठली कमांड, काय आलं, काय गेलं, सगळं तारीखवार. शेवटच्या नोंदीत होतं, शनिवारी रात्री पावणेदहा, "ॲप्ट रिमूव्ह पायथन३", आणि खाली निघालेल्या पॅकेजेसची यादी, एक स्क्रीन पुरेना. जागा कमी पडली म्हणून कुणीतरी पायथन काढायला गेलं होतं, हे प्रोग्रॅमिंगचं आहे, आम्हाला कशाला, असं वाटून. पण मिंटचा डेस्कटॉप, अपडेट मॅनेजर, सॉफ्टवेअर मॅनेजर, ह्या सगळ्यांची कढई म्हणजे पायथन. ती उचलली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं स्वयंपाकघर उठून गेलं. ॲप्टनं यादी दाखवलेली, वाय विचारलेलं, वाय दाबलेलं.

मी मिंट टाकतानाच टाइमशिफ्ट चालू करून ठेवलं होतं, ते सिस्टीम जशी आहे तशीची रोज एक प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, ठेवतं, कमांडवरून "सुडो टाइमशिफ्ट --रिस्टोअर" केलं, शुक्रवारचा निवडला, वीस मिनिटांत सगळं जागेवर, त्याच्या पत्रिकांना धक्का नाही, कारण टाइमशिफ्ट एरवी घरच्या फायलींना हात लावत नाही. तुमच्याकडं ते बंद असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते चालू करा.

भाचा अजून पण म्हणत होता की दुकानात बरीच पोरं येतात, कुणी केलं असेल सांगता येत नाही. रिस्टोअरच्या आधी मी त्या नोंदीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तो त्याला दाखवला. कमांडच्या खाली अजून एक ओळ असते, "रिक्वेस्टेड-बाय", म्हणजे हे कुणी मागितलं, आणि तिच्यापुढं युजरचं नाव असतं. त्या मशीनवर युजर एकच आहे, आणि पासवर्ड मी फक्त एकाला दिलाय.